स्वयंगोल

‘बायल्या’ हा शब्द मी पहिल्यांदा कोणाला उद्देशून वापरला ते आठवत नाही. शाळेतलंच कोणीतरी असणार. धावताना पडला म्हणून, किंवा पडून रडला म्हणून. शेवटचा कधी वापरला ते मात्र चांगलं आठवतं. सत्तरावं-बहात्तरावं मिनिट होतं, आमचा संघ एका गोलने मागे होता आणि समोरच्यांचा डावा विंगर नुसता वारा लागल्यासारखा बॉक्समध्ये कोसळला. रेफरीची शिट्टी वाजायच्या आत माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला होता. खोलीत आम्ही चौघे होतो. कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. चरकलो तो मीच, कारण तोवर हा शब्द सोडून मला दीड वर्ष झालं होतं. सिगारेट सोडलेली माणसं दिवस मोजतात तसा मीही मोजत होतो, हे आता सांगताना जरा हसू येतं.

मी लिव्हरपूलचा, म्हणजे इंग्लंडमधल्या त्या फुटबॉल क्लबचा चाहता. जन्माने वगैरे नाही. त्या शहराशी माझं नातं टीव्हीच्या पडद्याएवढंच. पण हरल्यावर दोन दिवस जेवण गोड लागत नाही आणि बोलताना ‘ते जिंकले’ असं कधी येत नाही, ‘आम्ही जिंकलो’ असंच येतं. आम्ही सहा जण होतो, एकत्र खेळायचो तेव्हापासूनचे. गुडघे कुरकुरायला लागले तसं खेळणं सुटलं आणि बघणं उरलं. त्यातल्या एकाला आम्ही अजूनही ‘कीपर’ म्हणतो, कारण तो गोलमध्ये उभा राहायचा. उंच, लांब हातांचा, पेनल्टी घ्यायला आलेल्याला काहीतरी बोलून हसवणारा. समोरचा हसला की त्याचा फटका हमखास बाहेर जायचा.

मॅच बघताना आम्ही काय काय ओरडायचो त्याची यादी करायची तर ती छापण्याजोगी नाही. ‘बांगड्या भरल्यात का रे?’ हे त्यातलं सगळ्यात सोज्वळ. पुढे ‘बायल्या’, ‘छक्का’, आणि त्याच्याही पुढचं. मिठी जरा जास्त वेळ मारणाऱ्या दोन खेळाडूंवर ठरलेले विनोद. लंडनच्या चेल्सी क्लबविरुद्ध मॅच असली की इंग्लंडच्या स्टँडमधून ऐकू येणारं ‘रेंट बॉय’वालं आरोळीगीत आम्हीही म्हणायचो. सुरुवातीला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, ठेका आवडला होता. पुढे कळलं की रेंट बॉय म्हणजे पैसे घेऊन पुरुषांना शरीर विकणारा मुलगा. कळल्यावर आम्ही ते थांबवलं असं मुळीच नाही. उलट आता आपल्याला अर्थही माहीत आहे, या आनंदात अधिक जोरात म्हणू लागलो.

आणि सगळ्यात जोरात कोण म्हणायचा? कीपर. त्याचा आवाजच खणखणीत होता. आमच्या शिव्यांचा तो मुख्य गायक, बाकीचे साथीला.

माझं दैवत होतं रॉबी फाउलर. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही, अ‍ॅनफिल्डवर म्हणजे आमच्या क्लबच्या मैदानावर त्याला ‘गॉड’च म्हणायचे. डावा पाय असा की बॉल कुठे जाणार हे गोलकीपरला कळायच्या आधी जाळीला कळायचं. 27 फेब्रुवारी 1999 ला चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजला, त्यांच्याशी मॅच होती. चेल्सीचा डावा बॅक ग्रॅम ल सो फ्री किक घ्यायला उभा होता. फाउलर त्याच्याकडे पाठ करून वाकला आणि आपल्या पार्श्वभागाकडे बोट दाखवू लागला. ल सो किक घेईना. रेफरीने काय करावं? वेळ काढतो म्हणून ल सोलाच पिवळं कार्ड दाखवलं. पुढे त्याच मॅचमध्ये, रेफरीचं लक्ष नसताना, ल सोने फाउलरच्या डोक्यात मागून कोपर हाणलं. दोघांवर कारवाई झाली. फाउलरला दोन सामन्यांची बंदी, ल सोला एका सामन्याची आणि दंड. त्या हंगामात फाउलरने गोल केल्यावर मैदानावरची पांढरी रेषा कोकेनसारखी हुंगल्याचा अभिनयही केला होता. त्याची शिक्षा मात्र चार सामने. यातून फुटबॉल चालवणाऱ्यांना काय जास्त लागलं होतं हे ज्याने त्याने समजून घ्यावं.

आम्ही त्या प्रसंगाला इतके हसलो की तो आमच्या मैदानावर आला. पुढची कितीतरी वर्षं कोणी फ्री किक घ्यायला उभा राहिला की आमच्यातला एक जण त्याच्याकडे पाठ करून वाकायचा. ठरलेला विनोद. गोलमध्ये कीपर उभा असायचा. तोही हसत असणार. मी कधी तिकडे पाहिलंच नाही.

गंमत अशी की ल सो समलिंगी नव्हताच. त्याला बायको होती, मूल होतं. मग त्याचा गुन्हा काय? तो ‘गार्डियन’ वाचायचा. जुन्या वस्तूंची, कलेची आवड होती. चॅनल बेटांमधल्या जर्सीहून आलेला, ड्रेसिंग रूममधल्या चेष्टामस्करीत न रमणारा. 1991 च्या उन्हाळ्यात तो एका सहकाऱ्याबरोबर तंबू घेऊन फिरायला गेला. परत आल्यावर स्वतःच्याच संघातल्या मुलांनी त्यावरून टोमणे मारायला सुरुवात केली. ड्रेसिंग रूममधली ती मस्करी बाहेर पडली, एका स्टँडमधून दुसऱ्या स्टँडमध्ये गेली आणि पुढे हजारो लोक एका सुरात त्याच्या नावाने ती गाऊ लागले. पेपर वाचणारा माणूस हजारोंच्या तोंडी ‘तसला’ ठरायला एवढं पुरलं. फाउलरने बऱ्याच वर्षांनी जाहीर माफी मागितली. माझ्या दैवताने माफी मागितली तेव्हा मी काय केलं? बातमी वाचली आणि मनात म्हटलं, एवढं काय त्यात.

ल सोच्या बाबतीत मला जे खरोखर कळायला हवं होतं ते फार उशिरा कळलं, आणि तेही स्वतःवर आल्यावर. त्याची हकिगत पुढे येईल.

ऑगस्ट 2021. हंगामाची पहिली मॅच, नॉरिच विरुद्ध लिव्हरपूल. आम्ही 3-0 ने जिंकलो. गोल जोटा, फिर्मिनो आणि सलाहचे. माझ्या लेखी त्या दिवसाचं महत्त्व एवढंच की आमचा बचावपटू व्हर्जिल व्हान डाइक गुडघ्याच्या दुखापतीतून परतला होता. नॉरिचकडून त्या दिवशी बिली गिल्मर खेळत होता, विशीतला मुलगा, चेल्सीने एका हंगामापुरता उसना दिलेला. आमच्या प्रवासी पाठीराख्यांतल्या काहींनी त्याच्यावर तेच रेंट बॉयवालं गाणं म्हटलं. क्लबने निषेध केला. पण आमचा तेव्हाचा मॅनेजर युर्गेन क्लॉप तेवढ्यावर थांबला नाही. लिव्हरपूलच्या समलिंगी चाहत्यांची ‘कॉप आउट्स’ नावाची संघटना आहे. तिच्या पॉल अमान यांच्यासोबत तो कॅमेऱ्यासमोर बसला आणि म्हणाला की स्टेडियममध्ये कोणाच्या तरी विरोधात गाणं का म्हणावं हेच मला कळत नाही, आणि हे गाणं आता विसरून जा. आवाज चढवून नाही, एखाद्याने घरातल्या पोरांना सांगावं तसं.

हा व्हिडिओ आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कीपरने टाकला. सोबत एक शब्दही नाही. त्याला ग्रुपवर येऊन तेव्हा बरेच महिने झाले होते आणि मॅच बघायला येऊन दोन वर्षं. कामात असेल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. व्हिडिओवर कोणी काही बोललं नाही. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने व्हान डाइकचा फोटो टाकला आणि विषय त्याच्या गुडघ्यावर गेला.

दोन दिवसांनी मी त्याला फोन केला. क्लॉपबद्दल बोलायला नव्हे, ‘आहेस कुठे?’ विचारायला. पण गाडी तिथेच गेली. मी म्हणालो, “तिथल्या लोकांनी गाणं म्हटलं, त्याला आपण काय करणार?”

“आपण म्हणत नव्हतो?”

“अरे, ते चेल्सीला.”

“मी गे आहे, माहीत आहे का तुला?” स्कोअर काय झाला, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात.

अशा वेळी माणसाने काय बोलावं याबद्दल आता मी बरंच वाचलं आहे. तेव्हा मी जे बोललो ते असं: “अरे, पण सगळ्यात मोठ्याने तूच तर ओरडायचास!”

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “गप्प बसलेल्या माणसाकडे लोक बघतात रे.”

मला तिथेच थांबता आलं असतं. पण मी चाहता. हरलेली मॅचसुद्धा वादात जिंकायची सवय. मी म्हणालो की त्यात कोणाला दुखवायचा हेतू नव्हता, ती मस्करी होती, स्टेडियममधलं स्टेडियममध्ये राहतं. तेव्हा त्याने मला हिल्सबरोची आठवण करून दिली. 1989 साली त्या मैदानावर चेंगराचेंगरीत आमच्या क्लबचे चाहते गेले. मरणाऱ्यांचा अधिकृत आकडा त्या जुलैमध्येच 97 झाला होता. विरोधी संघांचे काही चाहते त्यावरून आजही घोषणा देतात, आणि तसं काही कानावर आलं की माझं डोकं फिरतं. मी शिव्या देतो, लांबलचक पोस्टी लिहितो, ही मस्करी नव्हे म्हणतो.

“तिथे तुझं कोण गेलं होतं?” त्याने विचारलं. “कोणीच नाही ना? तरी तुला लागतं. मी तर तुझ्या शेजारी बसलेलो असायचो.”

मग आम्ही व्हान डाइकच्या गुडघ्याबद्दल बोललो. पाचेक मिनिटं, दोघेही अगदी मन लावून. आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला आधी लाज वाटली असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खरं नाही. आधी राग आला. याने माझ्या जुन्या मॅच नासवल्या, असा राग. 25 मे 2005 ची इस्तंबूलची रात्र माझ्या आयुष्यातल्या चार-पाच सुंदर रात्रींपैकी आहे. चॅम्पियन्स लीगची फायनल, एसी मिलानविरुद्ध मध्यंतराला 3-0 ने मागे, मग सहा मिनिटांत तीन गोल, मग पेनल्टी. आमचा गोलकीपर येर्झी दुदेक गोलरेषेवर पाय लटपटवत नाचत होता आणि शेवटी त्याने शेवचेन्कोची पेनल्टी अडवली. कीपर माझ्या शेजारी होता. पुढची कित्येक वर्षं तो दुदेकची ती नक्कल करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. आता ती रात्र आठवायला गेलो तर शेवचेन्को बॉल ठेवतोय हे दिसतं, आणि त्याच्याकडे पाहून मी काय ओरडलो होतो तेही ऐकू येतं. माझं इस्तंबूल आणि त्याचं इस्तंबूल एकाच सोफ्यावर बसून वेगवेगळं होतं.

रागामागून उत्सुकता आली. फुटबॉलचं इतकं काय काय पाठ असणाऱ्या मला एका गोष्टीबद्दल काहीच कसं माहीत नाही? मग मी शोधू लागलो, आणि पहिल्याच फेरीत लिव्हरपूलविरुद्धचा एक गोल भेटला.

9 फेब्रुवारी 1980. पुन्हा नॉरिच. जस्टिन फॅशनू, वय अठरा, गोलकडे पाठ करून उभा. बॉल येतो, तो बुटाने अलगद वर उचलतो, गर्रकन वळतो आणि बॉल जमिनीला टेकायच्या आत डाव्या पायाने बॉक्सच्या बाहेरून ठोकतो. आमचा गोलकीपर रे क्लेमन्स झेपावतो आणि नुसता हवेला हात लावून खाली येतो. बीबीसीने तो त्या हंगामातला सर्वोत्तम गोल ठरवला. मॅच लिव्हरपूलनेच जिंकली, 5-3 ने, पण लोकांच्या लक्षात राहिला तो हाच. मी तो त्या आठवड्यात पन्नासेक वेळा पाहिला असेल.

पुढच्या वर्षी नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमध्ये एवढ्या किमतीला विकला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तिथे मॅनेजर होते ब्रायन क्लफ, दोन युरोपियन कप जिंकून दिलेले, इंग्लंडच्या फुटबॉलमधले जवळजवळ ऋषितुल्य. फॅशनू समलिंगींच्या क्लबात जातो हे कळल्यावर क्लफनी त्याला काय सुनावलं, ते त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पाव हवा असेल तर कुठे जातोस, मटण हवं असेल तर कुठे जातोस, असं विचारत विचारत शेवटी त्या क्लबासाठी शिवी वापरून ‘मग तिथे का जातोस?’ क्लफनी पुढे त्याला संघाबरोबर सराव करायलाही बंदी केली. अठराव्या वर्षी तसा गोल मारणारा मुलगा त्यानंतर एका क्लबातून दुसऱ्या क्लबात भटकत राहिला. ऑक्टोबर 1990 मध्ये आपण समलिंगी आहोत असं त्याने वर्तमानपत्रातून जाहीरपणे सांगितलं. सख्ख्या भावाने, तोही फुटबॉलपटू, त्याला जाहीरपणे झिडकारलं. भावाला त्याचा पश्चात्ताप पुढे झाला, पण फार पुढे. 1998 साली अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलाने फॅशनूवर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. फॅशनूने आरोप नाकारला आणि मे महिन्यात लंडनमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. वय 37. ही गोष्ट स्वच्छ, सरळ हुतात्म्याची नाही आणि तशी करून सांगूही नये. पण त्याच्यानंतर इंग्लंडमधल्या पुरुषांच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना असं सांगणारा दुसरा खेळाडू कधी उभा राहिला? मे 2022 मध्ये. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स, वय सतरा. मध्ये बत्तीस वर्षं गेली. हजारो खेळाडू आले, खेळले आणि निवृत्त झाले.

डॅनियल्सने सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडते. आईला आणि बहिणीला त्याने खरं काय ते सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी मॅचमध्ये चार गोल मारले. पायातली वजनं काढल्यासारखे.

बाकीच्यांनी काय केलं? जर्मनीकडून 52 सामने खेळलेल्या थॉमस हिट्सलश्पेर्गरने जानेवारी 2014 मध्ये सांगितलं, निवृत्त झाल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेच्या रॉबी रॉजर्सने सांगितलं आणि त्याच घोषणेत, पंचविसाव्या वर्षी, खेळ सोडला. काही महिन्यांनी तो लॉस एंजेलिस गॅलक्सीकडून परतला ही चांगली गोष्ट. पण पहिला विचार काय आला पाहा. खरं सांगायचं तर आधी बूट खुंटीला टांगायचे. त्यांना भीती कोणाची होती? मालकाची असेल, सहकाऱ्यांची असेल, पण मुख्य भीती स्टँडमधल्या आवाजाची. म्हणजे माझीच.

यावर आमच्यासारख्यांकडे तयार उत्तरं असतात. मी ती सगळी वापरलेली असल्यामुळे त्यांची वीण मला आतून ठाऊक आहे. पहिलं, ‘आम्ही सगळ्यांनाच शिव्या देतो.’ खरं आहे. पण जाड्याला जाड्या म्हटलं, महागड्याला फुकटखाऊ म्हटलं, तर मॅच संपल्यावर ते तिथेच पडतं. उद्या तो दोन गोल मारून आमचं तोंड बंद करू शकतो. ‘बायल्या’ला कोणता गोल मारून उत्तर द्यायचं? आणि तो शब्द ज्याला खरोखर लागतो तो बहुतेक वेळा मैदानावर नसतोच, आपल्याच रांगेत बसलेला असतो. दुसरं उत्तर, ‘त्या शब्दाचा अर्थ तसा नाहीच मुळी.’ मेक्सिकोच्या चाहत्यांचं हेच म्हणणं. विरोधी गोलकीपर गोल किक घेताना ते सगळे मिळून एक शब्द ओरडतात, पुरुष वेश्येला वापरायचा. तो आम्ही नुसता गंमत म्हणून म्हणतो, असं ते सांगत आले. 2014 च्या वर्ल्डकपमध्ये फिफाने चौकशी केली आणि या संदर्भात हे अपमानास्पद नाही असा निर्वाळा दिला! नंतर फिफाचंच मत बदललं, मेक्सिकोच्या संघटनेला वारंवार दंड झाले, आणि आरोळी चालूच राहिली. जून 2023 मध्ये अमेरिकेविरुद्धची उपांत्य लढत या आरोळीपायी रेफरीने वेळेआधीच संपवली. मेक्सिको तेव्हा 3-0 ने मागे होता, त्यामुळे फार काही बिघडलं नाही म्हणा. पण मला त्यात विचित्र वाटतं ते हे की ज्या शब्दाला काहीच अर्थ नाही तो सोडायला इतके कष्ट का पडावेत?

आपल्या ‘बायल्या’चंही तसंच. तो फोडून पाहिला तर आत समलिंगी पुरुष नाहीच, ‘बाई’ आहे. समोरच्याला खाली पाडायला आपण त्याला बाई म्हणतो. बायकांचं फुटबॉल मी उशिरा बघायला लागलो, हेही कबूल करतो. तिथे जगातल्या उत्तमांतल्या कितीतरी खेळाडू आपल्या जोडीदारणीबद्दल उघड बोलतात, 2019 ची विश्वविजेती मेगन रॅपिनो त्यातलीच, आणि स्टँडमध्ये त्याचं कोणाला फारसं काही वाटत नाही. मैदान तेवढंच, बॉल तोच, ऑफसाइडचा नियमही तोच. मग ‘फुटबॉल म्हटलं की हे आलंच’ हे तिसरं उत्तर कुठे बसवायचं?

हे सगळं वाचून मी शहाणा झालो आणि शहाण्या माणसासारखाच वागलो, म्हणजे असह्य. पुढच्याच मॅचला एकाने नेहमीचा शब्द उच्चारला आणि मी फॅशनूपासून सुरुवात केली. बिचारे कॉर्नर किक बघत होते. “तू मॅच बघायला आलायस की कीर्तन करायला?” एकाने विचारलं. दुसरा हसत म्हणाला, “काय रे, तुझंच काही आहे की काय?”

आणि मी, ज्याने आत्ताच प्रवचन झोडलं होतं, तो क्षणात म्हणालो, “छे! लग्न झालंय माझं!”

सगळे हसले. मीही हसलो. घरी जाताना मात्र ल सो डोक्यातून जाईना. वर्षानुवर्षं त्याची ही पंचाईत झाली असणार. नाही म्हणावं तर ‘असणं’ ही नाकारण्याजोगी, घाणेरडी गोष्ट आहे हे मान्य केल्यासारखं. गप्प बसावं तर हो म्हटल्यासारखं. मला तर त्याच्या शंभराव्या हिश्श्याचाही त्रास नव्हता. चार मित्रांच्या खोलीत एक टोमणा, आणि मी बायकोला ढालीसारखी पुढे केली. माझ्या मनात ‘त्यांच्याबद्दल’ काही वाईट नाही असं मी स्वतःला सांगत होतो. मग ‘त्यांच्यातला’ समजला गेलो तर अंगावर काटा का यावा?

नंतर मी कीर्तन सोडलं. कोणी तो शब्द वापरला की एवढंच विचारू लागलो, “म्हणजे?” गंभीर चेहरा न करता, खरंच न कळल्यासारखं. विनोद समजावून सांगायला लागला की तो मरतो, हे आपल्याला माहीतच आहे. शिवीचंही तेच होतं. आणि दुसरी एक गोष्ट केली, ती मला स्वतःला जास्त आवडते. मी जुन्या शिव्या उकरून काढल्या. मराठीत शिव्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. ठोंब्या, टिनपाट, बिनकामाचा, गचाळ, ढ, नाटक्या. आणि हात लागला की लोळणाऱ्यांसाठी तर ‘रडतराऊत’ इतका नेमका शब्द आहे की तो जणू व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय देणारा रेफरी, यायच्या आधीपासून त्यांचीच वाट बघत होता. आमच्यातल्या एकाला तो इतका आवडला की त्याने अर्ध्या प्रीमियर लीगला वाटून टाकला.

याच काळात मला सॅन दिएगो लॉयलची गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या दुसऱ्या फळीतला क्लब, 2023 मध्ये बंद झालेला. सप्टेंबर 2020 मध्ये फीनिक्स रायझिंगविरुद्ध ते मध्यंतराला 3-1 ने पुढे होते. जिंकले तर प्लेऑफची आशा जिवंत राहणार होती. त्यांचा कॉलिन मार्टिन हा उघडपणे समलिंगी असलेला खेळाडू. त्याला विरोधी खेळाडूने शिवी दिल्याची तक्रार झाली. कोच लँडन डॉनोव्हनने मागणी केली की शिवी देणाऱ्याला बाहेर काढा. ती मान्य झाली नाही. तेव्हा दुसऱ्या हाफची शिट्टी झाल्यावर सगळा संघ एकेक गुडघा जमिनीला टेकवून बसला, मग उठला आणि मैदानाबाहेर चालत गेला. मॅच गेली. प्लेऑफ गेला. आघाडीवर असताना! मागे असताना तत्त्व आठवणं मला समजू शकतं, पण 3-1 ने पुढे असताना? मी असतो तर म्हणालो असतो, आधी जिंकू, मग निषेधाचं पत्रक काढू. कतारच्या वर्ल्डकपमध्ये सात युरोपीय संघांचे कप्तान दंडावर ‘वन लव्ह’ची, भेदभावाविरुद्धची, पट्टी बांधणार होते, ती फिफाने पिवळ्या कार्डाचा धाक घातल्याबरोबर उतरली. एका कार्डासाठी. त्यांना मी हसू शकत नाही, कारण मी त्यांच्याच जातीचा. त्यांना हसायचा हक्क फक्त सॅन दिएगोच्या पोरांना.

कीपर परत आला तो 2022 च्या हिवाळ्यात. मॅच सुरू व्हायला वीसेक मिनिटं होती. संघ जाहीर झाला होता आणि आम्ही मिडफिल्डवर नेहमीप्रमाणे खडे फोडत होतो. त्यात तो म्हणाला, “मला एक सांगायचंय.” आणि सांगितलं. एक जण उठून त्याला मिठी मारायला गेला आणि टीपॉयला अडखळला. एक जण पाणी आणायला गेला तो दहा मिनिटं आलाच नाही. एकाने ‘मला आधीपासून माहीत होतं’ असं सांगितलं, जे साफ खोटं होतं. एक जण काही बोलला नाही. पुढचे दोन महिने तो मॅचला आला नाही. मग आला, आल्या आल्या रेफरीला शिव्या देऊ लागला, आणि कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांची मनं बदलली का, मला माहीत नाही. कीपरसमोर ते शब्द थांबले एवढं खरं.

आणि मग तो सुरुवातीला सांगितलेला विंगर पडला. त्या संध्याकाळी कीपर आलेला नव्हता.

पुढच्या मॅचला तो होता. मध्यंतराला बाकीचे पाय मोकळे करायला बाहेर गेले आणि खोलीत आम्ही दोघेच उरलो. टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी बाण काढून काहीतरी समजावत होती. तो पडद्याकडे बघत म्हणाला, “माझ्यासमोर तुम्ही फार जपून बोलता रे. आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं.”

“मग काय, पुन्हा सुरू करू?” मी म्हणालो.

“आणि मी नसताना?”

मला खोटं बोलता आलं असतं. दीड वर्षाचा हिशोब तोंडावर फेकता आला असता. मी म्हणालो, “गेल्या वेळी सुटला एकदा. त्यांच्या डाव्या विंगरला.”

“बॉक्समध्ये पडला त्याला?”

“हो.”

त्याने जरा आठवून पाहिलं. ती मॅच त्याने घरी बघितली होती, एकट्याने. “पण हात लागला होता का त्याला?”

“नखभरही नाही. धडधडीत नाटक.”

“रडतराऊत साला,” कीपर म्हणाला, आणि बाहेरच्यांना हाक मारली, कारण दुसरा हाफ सुरू होत होता.